हकदार कोण? वजीफ्यापासून दाखल्यापर्यंत

दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की मुलचेऱ्यासारख्या जंगलतालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयात आणि सेतू केंद्रांत पालकांची रीघ लागते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, रेशनकार्ड, आधारला जोडलेले बँक पासबुक. मूल पुढे शिकणार की नाही हे गुणपत्रिकेवर ठरते, असे शहरातल्या माणसाला वाटते. आमच्या भागात ते पुष्कळदा या दुसऱ्याच गठ्ठ्यावर ठरते.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. दहावीपर्यंत मुले आमच्या हाताखाली असतात. पुढे ती मराठी किंवा इंग्रजी माध्यमाच्या कॉलेजात जातात आणि शिष्यवृत्तीचा पहिला फॉर्म भरायची वेळ आली, की पुन्हा आमच्याकडेच येतात. "सर, मला कोणती स्कॉलरशिप बसते?" हा त्यांचा प्रश्न असतो. 'बसते' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मुलाची गरज किती आहे हे कोणी विचारत नाही. तो कोणत्या चौकटीत बसतो एवढेच विचारले जाते. या चौकटी कोणी, केव्हा आणि कशासाठी आखल्या? त्या इतिहासाकडे आमच्या समाजाने फारसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात तो थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

वजीफा आणि दक्षिणा

उर्दूत शिष्यवृत्तीला 'वजीफा' म्हणतात. नेमून दिलेली रक्कम हा त्याचा एक अर्थ आणि नेमाने करावयाचे पठण हा दुसरा. जो मिळण्यास पात्र तो 'मुस्तहिक'. हा शब्द 'हक' याच धातूपासून आलेला आहे. म्हणजे ज्याला गरज आहे त्याचा तो हक आहे, ही कल्पना भाषेतच रुजलेली आहे. अकराव्या शतकात निजामुल्मुल्क याने बगदादला निजामिया मदरसा काढला. वक्फच्या उत्पन्नातून तेथील विद्यार्थ्यांच्या पोटापाण्याची सोय होत असे. आपल्या दख्खनमध्ये बहमनी वजीर महमूद गवान याने 1472 मध्ये बीदरला बांधलेला मदरसा याच परंपरेतला. त्याची भव्य इमारत आजही उभी आहे.

महाराष्ट्रात पेशवाईमध्ये 'दक्षिणा' होती. विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणा वाटली जाई. पण परीक्षेला बसण्याचा अधिकार ब्राह्मणांनाच होता. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने हा निधी बंद केला नाही. त्यातूनच 1821 मध्ये पुण्यात विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1849 मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी मागणी केली, की या निधीचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा आणि तो कोणत्याही जातीच्या माणसाला मिळावा. पुण्यात गहजब झाला. अर्ज करणाऱ्यांवर हल्ला होईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या संरक्षणास उभे राहिले. दोनच वर्षांनी, 1851 मध्ये, दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. पुढे याच पैशातून कॉलेजात 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांपैकी एक. सार्वजनिक पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च व्हावा, हा वाद महाराष्ट्रात असा पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे.

गुणवत्ता की गरज?

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, त्यात शिष्यवृत्त्यांविषयी फार मोलाचा विचार आहे. स्पर्धा लावून शिष्यवृत्ती देणे वरवर न्यायाचे दिसते. पण त्यामुळे ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेच नाही, त्यांच्यापर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून निम्म्या शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी राखाव्यात, असे त्यांनी सुचवले. गुणवत्ता आणि गरज यांतला झगडा त्यांनी तेव्हाच ओळखला होता. आज '50 टक्के गुणांची अट' वाचताना आम्हाला हे निवेदन हमखास आठवते.

याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या शिफारशी केल्या होत्या. गरज असेल तेथे मुस्लिम विद्यार्थ्यांना प्राथमिकपासून कॉलेजपर्यंत टप्प्याटप्प्याने खास शिष्यवृत्त्या द्याव्यात, अशी त्यांत एक शिफारस होती. म्हणजे मुसलमानांसाठी शिष्यवृत्ती ही अलीकडची मेहेरबानी नव्हे. तिची गरज सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सरकारदफ्तरी नोंदलेली आहे.

समाजही तेव्हा हातावर हात ठेवून बसला नव्हता. बंगालमध्ये हाजी मुहम्मद मोहसीन यांनी 1806 मध्ये आपली मिळकत वक्फ केली. सरकारने तिच्या उत्पन्नातून 1836 मध्ये हुगळी कॉलेज काढले, परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने इतरांनाच होऊ लागला. तक्रारी झाल्या आणि 1873 पासून तो पैसा मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणाकडे आणि शिष्यवृत्त्यांकडे वळवण्यात आला. मुंबईत 1874 मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. अलिगढला 1890 च्या सुमारास विद्यार्थ्यांनीच 'अंजुमन-उल-फर्ज' म्हणजे ड्यूटी सोसायटी काढली. ही मुले गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करीत आणि गरीब सहाध्यायांची फी भरीत. गरिबाला शिकवणे हे दान नसून फर्ज आहे, हे त्या नावातच सांगितलेले होते.

संस्थानिकांचा हात

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या कामाला खरी दिशा दिली राजर्षी शाहू महाराजांनी. कोल्हापुरात त्यांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. फी माफ झाली तरी शहरात राहायचे कोठे आणि खायचे काय, हा खेड्यातल्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, हे त्यांनी जाणले होते. मुसलमानांतून कोणी पुढे येईना, तेव्हा 1906 मध्ये त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपदही स्वीकारले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग त्यातूनच उभे राहिले.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला कॉलेजसाठी दरमहा 25 रुपये दिले आणि 1913 मध्ये परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात 10 वर्षे संस्थानात नोकरी करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या त्या एका विद्यार्थ्याने पुढे देशाला काय दिले, हे सांगायला नको.

पण राजाचा हात कितीही उदार असला, तरी तो एकेका विद्यार्थ्यापर्यंतच पोहोचतो. त्याचे हक्कात रूपांतर केले ते बाबासाहेबांनीच. 1942 मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी प्रश्न केला, की अलिगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार लाखो रुपये देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी तेवढीच रक्कम का नाही? त्यातून 3 लाख रुपयांची तरतूद झाली आणि 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू झाली. त्याच 1944 साली अमेरिकेत युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या कॉलेजशिक्षणाचा खर्च सरकारने उचलावा असा कायदा झाला. गरीब घरातले मूल कॉलेजात जाणे ही सरकारची जबाबदारी आहे, हा विचार जगाच्या दोन टोकांना एकाच वर्षी कायद्यात आणि अंदाजपत्रकात उतरला.

उत्पन्नाची रेघ

जातीबरोबर उत्पन्नाचा निकष आला तो यशवंतराव चव्हाणांच्या काळात. 1959 मध्ये ते मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याचा निर्णय झाला. 'ईबीसी' हा शब्द तेव्हापासून मराठी घरांत रूढ झाला आणि वार्षिक 1,200 रुपयांची मर्यादा लोकांच्या तोंडी बसली. शेतकरी, विणकर, टांगेवाला, कसाई, बागवान अशा कितीतरी घरांतली पहिली पदवीधर पिढी या सवलतीवर घडली. त्यात मुसलमानही होते, कारण येथे धर्म वा जात विचारली जात नव्हती.

मात्र रुपयाची किंमत घसरत गेली आणि मर्यादा मागेच राहिली. एक लाखावर अडकलेली ही मर्यादा 2016 मध्ये 6 लाखांवर नेण्यात आली. तेव्हा योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले आणि पुढे मर्यादा 8 लाखांवर गेली. पण व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मीच फी त्यातून मिळते. उरलेली निम्मी भरणे मजुराच्या मुलाला झेपत नाही. 2024 मध्ये 8 लाखांच्या आतील उत्पन्न असलेल्या घरांतील, ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची पूर्ण फी माफ झाली. हे पाऊल मोठे आहे. परंतु येथेही आधी प्रवर्ग सिद्ध करावा लागतोच.

मुलचेऱ्याचा धडा

आता आमच्या जंगलाकडे वळू. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि पुढे मुलचेरा हा तालुका झाला. येथे गोंड आणि माडिया आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, मराठी कुणबी-तेली आहेत, व्यापार आणि नोकरीच्या निमित्ताने आलेले मोजके मुसलमान आहेत आणि पूर्व बंगालातून आलेले निर्वासित फार मोठ्या संख्येने आहेत. सुंदरनगरसारख्या गावात शिरले, की आपण विदर्भात आहोत याचा क्षणभर विसर पडतो. भातशेती, मासळी आणि बंगाली बोली. गरिबी या सगळ्यांच्या घरी सारखीच आहे. तेंदूपत्त्याचा हंगाम आणि धानाची एक फसल यांवर ज्यांचे वर्ष निघते, अशा घरांतली मुले एकाच एसटीने अहेरी, आलापल्ली, चामोर्शीच्या कॉलेजात जातात. पण फॉर्म भरताना त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

गोंड मुलाला आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, आदिवासी वसतिगृह आहे, वसतिगृहात जागा न मिळाल्यास 2016 पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेची रक्कम आहे. हे सहज मिळाले असे मात्र कोणी समजू नये. विदर्भात आदिवासींना अनुसूचित जमातीचा दर्जा आधी ठरावीक तालुक्यांपुरताच होता. गडचिरोली आणि सिरोंचा तालुक्यातला गोंड हा 'आदिवासी' आणि त्याच चांदा जिल्ह्यातल्या दुसऱ्या तालुक्यातला त्याचा मामेभाऊ मात्र नाही, अशी स्थिती होती. 1976 च्या कायद्याने हे क्षेत्रबंधन गेले. यादीत नाव असणे म्हणजे काय, हे विदर्भाने रक्त सांडून अनुभवले आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी नागपूरला विधानभवनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जीव गेले. त्यात बायका आणि लेकरे अधिक होती. त्यानंतर 1995 मध्ये गोवारी आणि इतर काही जमातींसाठी विशेष मागास प्रवर्ग निर्माण झाला.

शेजारच्या बंगाली मुलाची गोष्ट आणखी वेगळी. 1960 च्या दशकात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील जंगल साफ करून या कुटुंबांना वसवण्यात आले. त्यांतील पुष्कळ कुटुंबे नमोशूद्र समाजाची. हा समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे राज्यातील वास्तव्य दाखवावे लागते. त्या दिवशी या मुलांचे आजोबा पद्मा आणि मधुमती नद्यांच्या मुलखात होते. दुसऱ्या राज्यात गेल्यावर मूळ राज्यातला दर्जा सोबत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्ये मुंबईच्याच एका वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. कायदा समजण्यासारखा आहे. पण जो स्वखुशीने नोकरीसाठी आला आणि ज्याला सरकारने फाळणीनंतर गाडीत बसवून आणले, त्या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजावे काय?

यातला विरोधाभास मनाला लागतो. 1946 मध्ये बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाता आले नाही. त्यांना निवडून पाठवले ते बंगालने आणि त्या निवडणुकीचे सूत्रधार होते जोगेंद्रनाथ मंडल, स्वतः नमोशूद्र समाजाचे नेते. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत पोहोचवले, त्या समाजाच्या नातवंडांना बाबासाहेबांच्याच महाराष्ट्रात, बाबासाहेबांनीच सुरू केलेली शिष्यवृत्ती मिळत नाही. या नातवंडांची मागणी कित्येक वर्षे पडून आहे.

आणि आमची मुले? मुस्लिम विद्यार्थ्याला अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. 1994 मध्ये मुस्लिम ओबीसी चळवळीच्या रेट्यामुळे राज्य शासनाने मुसलमानांतील व्यवसायनिष्ठ जमातींना ओबीसींच्या सवलती खुल्या केल्या. हे या चळवळीचे मोठे यश. परंतु दाखला हवा असेल, तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा हवा. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'पिंजारी', 'मोमीन', 'बागवान' असे लिहिलेले हवे. तेथे बहुधा एकच शब्द असतो: 'मुसलमान'. त्या काळी हेडमास्तरांनी विचारले, वडिलांनी धर्म सांगितला, रजिस्टरात तेवढेच उतरले. पन्नास वर्षांनंतर त्या एका शब्दामुळे नातीची फी अडते.

नावाचे दुखणे वेगळेच. उर्दूत एकच असणारे नाव मराठीत शेख, शैख, शेक होते आणि इंग्रजीत त्याची आणखी तीन रूपे होतात. आधार, गुणपत्रिका आणि बँक यांत एका अक्षराचा फरक पडला, की संगणक अर्ज मागे पाठवतो. गरिबी खरी आहे, मूल खरे आहे, फक्त अक्षर जुळत नाही.

सच्चरनंतर

2005 मध्ये नेमलेल्या सच्चर समितीचा अहवाल 30 नोव्हेंबर 2006 रोजी संसदेत आला आणि मुस्लिम समाजाच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा प्रथमच आकड्यांच्या आधारे झाली. त्यानंतर केंद्राच्या नव्या अल्पसंख्याक मंत्रालयाने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती (उत्पन्न मर्यादा 2 लाख) आणि तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणासाठी मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती (मर्यादा अडीच लाख, वर्षाला 20,000 रुपयांपर्यंत फी) सुरू केली. दोन्हींना 50 टक्के गुणांची अट, दोन्हींत 30 टक्के जागा मुलींसाठी. कितीतरी घरांतली पहिली मुलगी यामुळे कॉलेजची पायरी चढली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

ही वाट पुढे अरुंद होत गेली. 2022-23 पासून शालेय शिष्यवृत्ती नववी-दहावीपुरती उरली. डिसेंबर 2022 मध्ये संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप बंद झाल्याचे जाहीर झाले. 2023 मध्ये तपासणी केलेल्या 1,572 संस्थांपैकी 830 संस्था बनावट किंवा बंद आढळल्याचे आणि सुमारे 144 कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे सरकारने सांगितले. चोरी झाली हे खरे. गडचिरोलीही याला अपवाद नाही. 2014-15 च्या सुमारास आदिवासी आणि मागास मुलांच्या नावावर खासगी संस्थांनी शिष्यवृत्ती लाटल्याची प्रकरणे येथेच उघडकीस आली आणि राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले. पण प्रत्येक घोटाळ्यानंतर विद्यार्थ्याच्या फॉर्मवर एक नवा कागद वाढतो. संस्थाचालकाने चोरी करावी आणि मजुराच्या मुलाने अंगठ्याचा ठसा पुन्हा द्यावा, हा कोणता न्याय?

राज्याच्या काही वाटा खुल्या आहेत. उच्च आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे, मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्ज आहे, 2024 मध्ये अल्पसंख्याकांसाठी संशोधन व प्रशिक्षण संस्था मंजूर झाली. या योजना जंगलातल्या शेवटच्या गावापर्यंत कोणी सांगितल्या, तरच त्या योजना. नाहीतर ती नुसती परिपत्रके.

आपले काम

या इतिहासातून आम्हाला दिसते ते असे. प्रत्येक काळात मदतीचा निकष बदलला. आधी जन्म पाहिला, मग विद्वत्ता, मग जात, मग उत्पन्न, आणि आज या सगळ्यांच्या वर कागद आहे. ज्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिले, ज्याच्या आजोबांचे नाव कोठेतरी नीट लिहिले गेले, तो पात्र ठरतो. ज्याला फाळणीने, धरणाने वा पोटाने हलवले, तो गरीब असूनही अपात्र. फुल्यांनी स्पर्धेबद्दल जे सांगितले, ते आज कागदाबद्दल सांगावे लागेल. वरवर सर्वांना सारखा असणारा नियम सर्वांत मागच्याला बाहेर ठेवतो.

सरकारकडे मागण्या केल्याच पाहिजेत. नमोशूद्र बांधवांच्या मागणीत आपण त्यांच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. तो फक्त त्यांचा प्रश्न आहे असे मानणे हा आपलाच तोटा आहे, कारण कागदाने अडवलेली मुले त्यांची आणि आपली सारखीच आहेत. परंतु काही कामे आपल्या हातची आहेत. पहिलीत नाव घालतानाच जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख आणि जमात पूर्ण आणि शुद्ध लिहिणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे. आज लिहिलेली ती ओळ या मुलाच्या नातवाचा पुरावा होईल. आठवीतच पालकांना बोलावून आजोबांच्या शाळेतून निर्गम उतारा काढून ठेवायला सांगणे, बारावीची वाट न पाहणे, हेही आमचेच काम. मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून रमजानमध्ये जकात वाटताना कॉलेजला जाणाऱ्या मुलाची फी हा तिचा योग्य खर्च मानावा. शिष्यवृत्ती खात्यात पडायला वर्ष उलटते आणि फी मात्र जुलैतच भरावी लागते. त्या मधल्या महिन्यांपुरते कर्ज-ए-हसना दिले, तरी एक शिक्षण तुटायचे वाचते. आणि ही मदत देताना शेजारच्या माडिया वा बंगाली मुलाचा फॉर्म अडला असेल, तर तोही आपल्याच ओट्यावर बसून भरावा. सव्वाशे वर्षांपूर्वी अलिगढच्या विद्यार्थ्यांनी याला फर्ज म्हटले होते, आणि शाहू महाराजांनी मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढताना ती मुले कोणाची हे विचारले नव्हते.